सुरतेच्या मावशीची मूठ

दिवाळी झाली की सुरतेतलं भेस्तान झोपतं. वर्षभर ज्या गल्ल्यांत कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट दुखऱ्या दाढेसारखा रात्रंदिवस ठसठसत असतो, तिथं एकाएकी इतकी शांतता होते की पत्र्यावर चालणाऱ्या कबुतराची नखं ऐकू येतात. कारीगर गावी गेलेले असतात. शटरवरच्या झेंडूच्या माळा वाळून तपकिरी होतात. लाभपाचमीला शेठ लोक गाडीतून येतात, कुलपाला कुंकू लावतात, पेढा खातात आणि निघून जातात; यंत्रं मात्र डोळे उघडत नाहीत. माणसं परतल्याशिवाय त्यांना कोण उठवणार?

या दिवसांत एस्तरमावशीला जागेपणीच स्वप्नं पडायची. खानावळ बंद, मोठी पातेली पालथी, आणि कानात नुसती हवा. आवाजाची इतकी सवय झालेली की तो नसला म्हणजे तिला वाटायचं, आपणच कुठंतरी दूर गेलोय आणि मागं आपली खोली राहिलीय.

एरवी ती दिवाळीनंतर जालन्याला लेकीकडं जायची. या वर्षी गेली नव्हती, कारण तिच्यावर मोठी जबाबदारी येऊन पडली होती. हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्यांची मराठी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी उपासनेला जमायची. तिथल्या तरुण पाळकानं, किरणनं, तिला गाठून सांगितलं होतं की येत्या रविवारी उपकारस्तुतीचा सण आहे, तर यंदा पहिलं अर्पण तुमच्या बरणीचं, आणि साक्षही तुम्हीच द्यायची. विषय, देवाचे उपकार आठवून दुसऱ्याला कसं द्यावं. तिनं वरवर नाही नाही म्हटलं. आतून ती इतकी फुलली की घरी येऊन तिनं पालथ्या पातेल्यांपुढं उभं राहून पूर्ण साक्ष एकदा म्हणूनही टाकली. पातेल्यांनी काही हरकत घेतली नाही.

उपकारस्तुती म्हणजे खरा शेतकऱ्यांचा सण. गावाकडं मंडळी नव्या धान्याची कणसं, भोपळे, कोंबड्यासुद्धा घेऊन यायची आणि वेदीपुढं रास लागायची. भेस्तानला कुणाचं शेत? मग ज्याच्या हातात जे पिकतं ते तो आणायचा. साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या बायका ब्लाउजपीस आणायच्या, लेसच्या कारखान्यातली मुलगी लेसचं बंडल. कुणी नारळ, कुणी मॉलमधला कोबी, त्यावरचं किमतीचं स्टिकर न काढता. टेबल भरून जायचं आणि उपासनेनंतर ज्याला जे हवं त्याच्या घरी जायचं. त्या सगळ्यात एस्तरमावशीची बरणी मात्र खऱ्या धान्याची असायची, म्हणून तिला मान होता. आणि मान असल्याचं तिला चांगलं ठाऊक होतं.

बरणी काचेची होती, बेकरीत नानकटाई ठेवतात तसली, लाल झाकणाची. रीत मात्र जुनी, सासूची. सासू चुलीवर भात टाकण्याआधी एक मूठ काढून गाडग्यात ठेवायची. शिजवायला काही आहे, त्याबद्दल प्रभूचे उपकार. आणि ज्याच्याकडं नाही त्याच्यासाठी ती मूठ. लग्न होऊन सुरतेला आल्यावर एस्तरनं गाडग्याऐवजी बरणी घेतली. नवरा, याकोब, लूम दुरुस्त करायचा. तो गेल्यावर तिनं कारीगरांची खानावळ सुरू केली, पण हात काही आपली रीत विसरला नाही. गोणीत हात, एक मूठ बरणीत, मग बाकीचा तांदूळ परातीत. बरणी भरली की हॉलमधल्या पिंपात रिकामी करायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

तिची साक्षही तयार होती. ती सांगणार होती की माझ्याजवळ कधी काही उरलं नाही, तरी मी मूठ चुकवली नाही. आणि प्रभूचा चमत्कार असा की रोज मूठ काढूनही माझ्या गोण्या कधी वेळेआधी संपल्या नाहीत. हिशोबानं संपायला पाहिजेत, पण संपत नाहीत. नवा तांदूळ येईपर्यंत तळाशी थोडा उरतोच. इथं ती जरा थांबणार होती. लोकांनी ‘आमेन’ म्हणावं म्हणून.

गुरुवारी दुपारी तिनं आपल्यापुरता भात टाकायला घेतला. खानावळीच्या गोणीत थोडा तांदूळ होता, पण माणसं गावी असताना त्यांच्या गोणीला हात लावायचा नाही हा तिचा कडक नियम. म्हणून सुट्टीपुरता तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीबंद तांदूळ आणला होता, लांब, पांढराशुभ्र, प्लास्टिकच्या दाण्यासारखा. त्यातली एक मूठ तिनं बरणीत टाकली आणि झाकण लावता लावता तिचा हात थांबला.

खिडकीतून ऊन येत होतं. बरणीत एक रेघ दिसत होती.

रेघेच्या वर पांढरा तांदूळ, बोटभर. रेघेच्या खाली, पार तळापर्यंत, जाडा, आखूड, किंचित लालसर दाणा. साक्रीकडचा. खानावळीत जेवणाऱ्या लोटूच्या, भटूच्या, धर्मेंद्रच्या शेतातला.

मावशी खाली बसली.

खानावळीचा व्यवहार असा होता की डाळ, भाजी, पीठ, तेल मावशीचं. त्याचे पैसे पोरं महिन्याला द्यायची. तांदूळ मात्र ज्यानं त्यानं घरून आणायचा. खानदेशातल्या पोरांना दुकानाचा भात गिळवत नव्हता, म्हणून पहिल्याच वर्षी असं ठरलेलं. म्हणजे गोण्या त्यांच्या. तांदूळ त्यांचा. मूठ तेवढी मावशीची.

आणि हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. हात सवयीनं गोणीत जायचा आणि सवयीनं बाहेर यायचा. इतकी वर्षं ती परक्याच्या गोणीतून काढून देवाला देत होती आणि वर मान घेत होती. सुट्टीत त्या गोणीला शिवायचंसुद्धा नाही म्हणणारी ही बाई.

भात तसाच राहिला. ती फरशीवर आडवी झाली, पंख्याकडं बघत. पंखा हळूहळू फिरत होता आणि त्याच्याबरोबर खोलीही. मग हॉलमधलं टेबल लांबत लांबत गेलं, पार कामरेजच्या हायवेपर्यंत, आणि त्या टेबलाच्या कडेनं ती बरणी घेऊन चालत होती. बरणी हलकी होती. तिनं ती ओतली तर तांदळाऐवजी कुजबुज सांडली. एकेक दाणा उठून आपल्या बोलीत म्हणत होता, हाऊ मना, हाऊ मना. हा माझा, हा माझा. ती म्हणत होती, अरे, मग माझा कोणता? आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पाठमोरं बसून तांदूळ निवडत होतं, शांतपणे, घाई नसल्यासारखं. त्या पाठीची तिला भीती वाटली नाही. तिला फक्त ते तोंड बघायचं होतं. तेवढ्यात कबुतर पत्र्यावरून घसरलं आणि ती जागी झाली.

पुढचे दोन दिवस तिनं स्वतःशी भरपूर भांडण केलं. तांदूळ त्यांचा, पण धुणारी कोण? निवडणारी कोण? चूल, घाम, फोड आलेली बोटं कोणाची? मग तिचं तिलाच हसू आलं. देवापुढं मजुरी मागायला निघाली होती. नंतर वाटलं, खोकला झाल्याचा निरोप पाठवावा. तिनं एकदा खोकूनही बघितलं. खोकला अगदी खोटा आला. शेवटी तिच्यापुढं एवढंच उरलं की रविवारी त्या टेबलापुढं उभं राहून ‘माझं’ म्हणायचं की नाही. आणि त्याआधी पोरांना सांगायचं की नाही. पोरांनी खानावळ सोडली तर चूलच विझेल, हे भय होतंच. पण त्याहून मोठं भय वेगळं होतं. ज्या एका गोष्टीमुळं आपण देवाच्या जवळ आहोत असं तिला वाटायचं, ती गोष्टच आपली नसेल तर आपल्याकडं राहिलं काय?

शनिवारी तिसऱ्या प्रहरी रिक्षा आली. गल्लीत ऊन इतकं पिवळं आणि दाट साचलं होतं की रिक्षा त्यातून पोहत आल्यासारखी वाटली. मागच्या सीटवर तांदळाच्या गोण्या झोपलेल्या लेकरांसारख्या एकमेकींना टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या मध्ये, त्यांच्याइतकीच गच्च, एक म्हातारी. लोटू ड्रायव्हरशेजारी अर्ध्या ढुंगणावर बसून आलेला. तो उतरून म्हणाला की ही माझी आई, सखुबाई; मोतीबिंदू दाखवायचाय म्हणून आणलीय. सखुबाईनं लगेच दुरुस्ती केली की डोळा हे निमित्त आहे. आपलं पोरगं इतकी वर्षं जिच्या हातचं खातं ती बाई एकदा बघायची होती, आणि बघायचं तर डोळा जायच्या आत.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. दोघींचीही कपाळं मोकळी होती. सखुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि लोटूकडं वळून म्हणाली की तू सांगितलं त्यापेक्षा बारीक आहे.

चहा झाला. लोटू गोण्या आत लावायला लागला. तेव्हा मावशीनं बरणी आणून सखुबाईच्या पुढ्यात ठेवली आणि जालन्याच्या आपल्या बोलीत, न थांबता, सगळं सांगून टाकलं. रीत काय, मूठ कुठं जाते, रेघ कशी दिसली. शेवटी म्हणाली, “बाई, तुमचा तांदूळ तुम्हाला न इचारता मी देवाला दिला. नाव माझं केलं. किती झाला असंल ते मला सांगता यायचं नाही. तुम्ही म्हणाल तसं मी भरून देईन.”

सखुबाईनं बरणी उचलून बऱ्या डोळ्याजवळ नेली, फिरवली आणि खाली ठेवली.

“माले ठाऊक शे,” ती म्हणाली.

लोटूनं पहिल्याच वर्षी घरी सांगितलं होतं. मावशी भात टाकायच्या आधी रोज एक मूठ बाजूला काढते. ऐकून सखुबाईचं डोकं फिरलं होतं. सुरतेची बाई माझ्या लेकाच्या ताटातलं चोरते, तर बदल खानावळ, असं तिनं ठणकावलं होतं. मग लोटू म्हणाला, ती खात नाही गं, तिच्या देवाला देते, तो देव गरिबाला देतो. यावर सखुबाईनं रात्रभर विचार केला. देवाला देते तर थांबव म्हणता येत नाही. पण देव काही तिच्या लेकाच्या ताटाची काळजी करणार नाही. ती आईनंच करायची.

“मना आंडोरना ताटमा कमी नको पडाले,” सखुबाई म्हणाली, “म्हनीसन गोनी भरस तवय तुना देवनी मूठ मी जास्ती टाकस.”

गोणी भरून तोंड शिवायच्या आधी ती मापाबाहेरचा तांदूळ मुठीमुठीनं वर टाकायची. एका दिवसाची एक मूठ, असे मनातल्या मनात दिवस घेत. मग तिनं भटूच्या आईला सांगितलं. भटूच्या आईनं धर्मेंद्रच्या बायकोला, सुषमाला. आता तर त्यांच्या गल्लीत ज्या घरातून पोरगं मावशीकडं जेवायला जातं, त्या घरातून गोणीला ही भर घातली जायची. तिला नावही पडलं होतं, सुरतेच्या मावशीची मूठ. कोणता देव, कुठं बसतो, काय खातो, कुणाला काही माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

मावशीच्या डोळ्यांपुढं गोणीचा तळ आला, जिथं दरवर्षी थोडा तांदूळ उरायचा. जो तिचा चमत्कार होता.

सखुबाईला आता वेगळंच कुतूहल वाटत होतं. तिनं मावशीला गोणीत हात घालून दाखवायला सांगितलं, कशी काढतेस ती मूठ. मावशीनं हात घातला आणि वर काढला. सखुबाईनं त्या मुठीकडं बघितलं, मग स्वतःचा हात घालून आपली मूठ काढून शेजारी धरली. नांगराच्या मुठीवर रुंदावलेला तो पंजा, त्यातून दाणे ओघळत होते.

“इतलीच?” सखुबाई म्हणाली. “मी आपली इतली टाकत व्हती.”

लोटू आधी हसला. मग सखुबाई. मग मावशीला हसू फुटलं, आणि त्यातच कधी रडू मिसळलं ते तिघांनाही कळलं नाही. चमत्कार खोटा नव्हता, तिच्या मनात आलं. फक्त तो आभाळातून उतरत नव्हता. साक्रीहून निघून, गोणीत बसून, उधन्याच्या स्टेशनात उतरून रिक्षानं यायचा. आणि स्वप्नात तांदूळ निवडत बसलेली ती पाठ पुन्हा तिच्या डोळ्यांपुढं आली. या वेळी ती थोडी वळली होती.

रविवारी सकाळी सखुबाईनं सोबत यायचा हट्टच धरला. माझ्या तांदळाचं काय करता ते मला बघू दे, म्हणाली. हॉलमध्ये ती मागच्या खुर्चीवर डोक्यावर पदर घेऊन बसली, पाय वर घेऊन. पुढं टेबलावर सण मांडला होता. ब्लाउजपीस, लेसचं बंडल, नारळ, यंदाही स्टिकरसकट एक कोबी. गाणी झाली. पाळकांनी एस्तरमावशीला पुढं बोलावलं.

पाठ केलेली साक्ष डोक्यात कुठंच नव्हती. तिनं बरणी टेबलावर ठेवली आणि आतली रेघ सगळ्यांना दिसावी म्हणून उन्हात सरकवली. खालून दुकानात कुणीतरी लोखंडी पाइप ओढत होतं.

“ही बरणी माझी म्हणून तुम्ही मला मान देत आलात,” ती म्हणाली. “वरती हा बोटभर पांढरा थर हाय ना, तेवढा माझा. खालचं सगळं दुसऱ्यांचं. त्या बाया इथं कधी आल्या नाहीत. प्रभूचं नाव त्यांनी ऐकलं नाही. तरी त्या माझी मूठ भरत होत्या, आणि मला वाटायचं मीच देते. आज उपकार मानायचे तर मला त्यांची नावं घेऊ द्या. भटूची आई, शोभाबाई. धर्मेंद्रची बायको, सुषमा. लोटूची आई, सखुबाई.”

आपलं नाव ऐकताच सखुबाई मागं उभी राहिली. सरकारी दवाखान्यात नाव पुकारल्यावर उठावं तशी, पिशवी छातीशी धरून. सगळ्या माना वळल्या. आता उभं राहिलो आहोत तर पुढं जायला हवं, असा तिनं विचार केला असावा. ती खुर्च्यांमधून टेबलापर्यंत चालत आली आणि टेबलाकडं एकदा नीट बघितलं. तांदूळ. नारळ. ब्लाउजपीस. समोर पदर सावरत उभी एक बाई.

सखुबाईच्या हिशोबानं यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तिनं ब्लाउजपीस उचललं, त्यावर नारळ ठेवला आणि बरणीत तळापर्यंत हात घालून भरभक्कम मूठ काढली.

“पदर पसार,” ती म्हणाली.

मावशीच्या लक्षात आलं. तिनं हळूच सांगितलं, अहो, आमच्यात ओटी भरत नाहीत. आणि मला तर मालक जाऊन किती वर्षं झाली.

“मना बी ग्या,” सखुबाई म्हणाली. “आपली वटी कोन भरी, बहीन? आपीनच भरानी.”

मावशीनं पाळकांकडं बघितलं. धर्मशास्त्राच्या परीक्षेत हा प्रश्न किरणला कधी पडला नसणार. त्यानं एकदा वेदीमागच्या क्रूसाकडं बघितलं, मग छताच्या पंख्याकडं, आणि मग अगदी हलकेच मान हलवली.

एस्तरमावशीनं पदर पसरला. इतक्या वर्षांत तिचा हात फक्त पालथा होऊन रिकामा होत आला होता. पदर असा उघडा धरायचा कसा, हेच तिला पहिल्यांदा जमेना. सखुबाईनं ब्लाउजपीससकट नारळ ठेवला. मग तांदूळ, एक मूठ, पुन्हा एक मूठ, लालसर दाण्यांत चार-दोन पांढरे मिसळून. पदर जड झाला. लेकरू घेतल्यासारखी ती पोटाशी त्याचं ओझं धरून उभी राहिली. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं आणि त्यात तांदळाचा कोंडा हळूहळू तरंगत होता, खाली बसायची त्याला काही घाई नव्हती. मागून कुणीतरी बारीक आवाजात ‘आमेन’ म्हणालं. तिनं जिथं थांबायचं ठरवलं होतं, त्या जागी नाही. पण म्हणालं.

बरणीतला उरलेला तांदूळ पिंपात गेला आणि तिथून ज्यांना हवा होता त्यांच्याकडं. कोबी सखुबाईनं मागून घेतला.

दुपारी घरी आल्यावर मावशीनं पदरातला तांदूळ परातीत ओतला. गल्ली अजून झोपलेली होती, पण टोकाच्या कारखान्यात कुणीतरी एक लूम चालू करून बघत होतं. चार ठोके, मग थांबा, मग पुन्हा चार ठोके. सखुबाई दारात कोबी चिरत बसली होती आणि लोटू तिला सांगत होता की ते स्टिकर खायचं नसतं.

मावशीचा हात सवयीनं तांदळात गेला आणि मूठ मिटली. मग थोड्या वेळानं ती मूठ तिनं तिथंच उघडली. उद्या पोरं आली की पुन्हा काढायची होतीच, आणि यापुढं सखुबाईच्या मापानं. आज मात्र तिनं सगळा तांदूळ धुतला, सगळा शिजवला आणि तिघांना सारखा वाढला. वाफ तोंडावर घेत ती पहिल्या घासाआधी जरा वेळ डोळे मिटून बसली. स्वप्नात तांदूळ निवडणारं ते पाठमोरं माणूस आता समोर येऊन बसलं होतं, ताट पुढं घेऊन.